पोहण्यासाठी मागितलेलं पाणी

बहरीनमध्ये नदी नाही. ओढाही नाही. तरी नदीबद्दल मी आयुष्यात सगळ्यात जास्त बोलले ते तिथेच, मनामातल्या एका ऑफिसात, एसीच्या गारठ्यात शाल पांघरून टाइप करता करता.

कुवेतचं युद्ध संपून काही वर्षं झाली होती. माझे मिस्टर हिद्दच्या बाजूला जहाजं दुरुस्त करण्याच्या गोदीत इलेक्ट्रिशियन होते. आम्ही सनद नावाच्या गावात एका बहरीनी कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचो. नळाला खारट पाणी यायचं. त्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. पिण्याचं गोडं पाणी कॅनमधून आणावं लागे. आमच्या मुलीला पाणी म्हणजे दोन प्रकारचं असतं हे बोलायला लागण्याआधी कळलं होतं. ती कॅनकडे बोट दाखवून रडायची, नळाकडे नाही.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी नोकरी धरली. इंग्रजी टायपिंग आणि शॉर्टहँड मी सांगलीला शिकले होते. ऑफिस सल्लागार इंजिनिअरांचं होतं. विहिरींतून किती पाणी उपसायचं, कोणी उपसायचं, याचे नियम कसे असावेत यावर तिथे एक मोठा अहवाल चालला होता. त्यासाठी काही महिन्यांकरता एक अमेरिकन वकील आले होते. पाण्याचे वकील. पाण्याचा वेगळा वकील असतो हेच मला नवीन होतं. उंच, तांबूस केसांचे, आणि एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. तो खांदा नदीत होडी उलटून खडकावर आपटल्यामुळे मोडला होता, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारायच्या आत सांगितलं, आणि तेही कौतुकाने.

ते छोट्या टेपवर बोलून ठेवत आणि मी हेडफोन लावून टाइप करी. सकाळभर विहिरी आणि पंप. दुपारी मात्र टेपमध्ये दुसरंच काहीतरी सुरू होई. त्यांच्या गावची एक केस होती, ती ते इथूनही चालवत होते. मोठ्या साहेबांची त्याला परवानगी होती. पहिल्यांदा ते टाइप करताना मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक होतेय. मी टेप मागे नेऊन पुन्हा ऐकली. शब्द तेच होते. डोंगरातल्या एका लहान गावाने कोर्टाकडे नदीच्या पाण्यावर हक्क मागितला होता. शेतीसाठी नाही, पिण्यासाठी नाही. लोकांना होड्या चालवता याव्यात, पोरांना डुंबता यावं, यासाठी.

मी कागद द्यायला गेले तेव्हा विचारलंच. "सर, खेळण्यासाठी पाण्याचा हक्क?"

ते खुर्ची मागे सारून बसले. त्यांना हा प्रश्न कोणीतरी विचारावा असं वाटतच असणार. "आमच्या राज्यात नदी कोणाच्या मालकीची नसते," ते म्हणाले, "पण पाणी वापरण्याचा हक्क मिळतो. ज्याने आधी वापरलं त्याचा हक्क आधी. वर राहतो की खाली, याला किंमत नाही. तारखेला किंमत."

"मग अडचण काय?"

"अडचण ही, की जुना कायदा म्हणतो, पाणी नदीतून बाहेर काढलंत तरच ते वापरलंत. पाट काढा, पंप लावा, काहीतरी करा. पाणी नदीत राहू द्या म्हणणाऱ्याने काय वापरलं, असा समोरच्या वकिलाचा सवाल आहे."

मग त्यांनी काय काय सिद्ध करावं लागतं ते सांगितलं. नदीचा कुठून कुठपर्यंतचा तुकडा, ते नेमकं दाखवायचं. कोणत्या महिन्यांत पाणी हवं ते सांगायचं. किती हवं, तेही गरजेपेक्षा थेंबभर जास्त न मागता. आधीच्या हक्कदारांचं नुकसान होणार नाही हे पटवायचं. आणि गावाने पाण्यावर काहीतरी ताबा ठेवला आहे हे दाखवायचं. त्यासाठी त्यांच्या गावाने पात्रात मोठे दगड अशा बेताने रचले होते की पाणी मध्यभागी गोळा होऊन उसळावं. "पाणी बाहेर नेलं नाही, पण त्याला वळण लावलं. म्हणजे वापरलं. हे माझं म्हणणं," असं म्हणून ते हसले. "कोर्टाला पटेल का, माहीत नाही."

मी जागेवर येऊन बसले, पण टायपिंगला हात लागेना.

आमच्या गावाला नदी आहे. गाव वर, आमचा बौद्धवाडा खाली, आणि वाड्याच्या खालच्या अंगाला नदी वळते तिथे एक डोह होता. मला दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या डोहात पोहायला शिकवलं. पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांनी मला पाण्यात सोडलं आणि स्वतः छातीभर पाण्यात उभे राहून म्हणत राहिले, "हात मार. पाय मार. माझ्याकडं बघू नगंस, पल्याडला बघ." मुलीला पोहायला शिकवतो म्हणून लोक त्यांना नावं ठेवत. ते म्हणत, पाण्याला काय कळतंय, पोरगा हाय का पोरगी. चैत्र-वैशाखात वाड्यातली सगळी पोरं दिवस दिवस पाण्यात असायची. बोटांची सालपटं निघेपर्यंत, ओठ जांभळे पडेपर्यंत. घरी आल्यावर अंगाला नदीचा वास यायचा. शेवाळाचा, गार दगडाचा. बहरीनच्या समुद्राला तो वास नव्हता. मिस्टर शुक्रवारी आम्हाला किनाऱ्यावर न्यायचे, मुलगी वाळूत खेळायची, मी पाण्यात उतरायचे. पण अंगावर मीठ वाळायचं, आणि घरी येऊन ते खारट नळाच्याच पाण्याने धुवायचं. आपण पाण्यात गेलो होतो असं काही वाटायचं नाही.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर अरबी टाइप करणाऱ्या एक बहरीनी बाई होत्या. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या. त्यांना हिंदी चांगलं यायचं, वडिलांचा मुंबईशी खजुराचा व्यापार होता म्हणून. मला त्या 'उख्ती' म्हणायच्या, बहीण. मी हात थांबवून बसलेली बघून त्यांनी विचारलं, काय झालं. मी वकीलसाहेबांची केस सांगितली. त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"शुक्रवारी माझ्याबरोबर चल," त्या म्हणाल्या. "तुला आमची ऐन दाखवते."

ऐन म्हणजे झरा. बहरीनला एके काळी जमिनीतून गोडं पाणी आपोआप उसळून यायचं, जागोजागी. त्यांच्या गावाजवळ खजुराच्या बागेत असा एक झरा होता. बांधून काढलेला, गोल, आत उतरायला दगडी पायऱ्या. आम्ही पोहोचलो तेव्हा बागेतली अर्धी झाडं शेंडा गळून उभी होती. पायऱ्या खाली खाली गेल्या होत्या आणि तळाशी हिरवट पाण्याचं डबकं होतं. त्यात एक चप्पल तरंगत होती.

बाई वरच्या पायरीवर अंगावरचा काळा, पायघोळ अबाया सावरून बसल्या. "इथे, मी बसलेय ना, इथपर्यंत पाणी असायचं," त्या म्हणाल्या. "सकाळी बायकांची वेळ, दुपारी पुरुषांची. लग्नाच्या आधी नवरीला इथेच आंघोळ घालायचे. मी त्या भिंतीवरून उडी मारायचे. माझी आई काठावरून शिव्या द्यायची. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे मासे दिसायचे, ते पायाला टोचायचे."

"मग कोणी नेलं पाणी?"

"कोणी म्हणजे?" त्यांनी हात पसरले. "सगळ्यांनी. सगळ्यांनी पंप बसवले. आमच्या घरीपण बसवला, माझ्याच भावाने. बागेला पाणी किती वेळ मिळायचं, कोणाची पाळी कधी, याचे जुने हिशेब होते, म्हाताऱ्यांना तोंडपाठ. आंघोळीचा हिशेब कोणी ठेवलाच नव्हता. त्यासाठी कोण भांडणार? पाणी खाली गेलं, बायका घरी आंघोळ करायला लागल्या. खलास."

आम्ही बराच वेळ तिथे बसलो. त्यांनी मला माझ्या डोहाबद्दल विचारलं, मी सांगत राहिले. त्यांना आमचा भोपळा समजेना, तेव्हा मी हातांनी आकार करून दाखवला. परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, "तुझा डोह अजून आहे ना? मग नशीबवान आहेस."

मी हो म्हणाले. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

आमची रजा नेहमी जुलै-ऑगस्टात असायची, शाळांना सुट्टी तेव्हाच म्हणून. जुलैत नदी तांबड्या पाण्याने भरलेली असे, कोणी जवळ जात नसे. उन्हाळ्यातली नदी मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलीच नव्हती. त्यामुळे माझ्या मनात डोह जसा होता तसाच राहिला होता.

दादांशी महिन्यातून एकदा फोनवर बोलणं व्हायचं, मी सनदच्या रस्त्यावरच्या बूथवरून फोन लावायचे. ते ठरल्या वेळी तालुक्याच्या एसटीडी बूथवर येऊन बसायचे. त्या झऱ्यावरून आल्यानंतरच्या फोनमध्ये मी त्यांना विचारलं, "दादा, डोहात पोरं पोहतात ना अजून?"

"डोह कुठला आता," ते म्हणाले. "वर बंधारा झालाय की. पावसाळा सरला की बरगे घालत्यात. समदं पाणी वर अडतंय, तिथनं उसाला. आपल्याकडं संक्रांतीपातूर दगड उघडं पडत्यात."

बरगे म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या लोखंडी फळ्या. त्या घातल्या की पाणी थांबतं.

"मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? प्यायला हापसा हाय. पाण्यावाचून कोण मरंना. पोरं पोहत न्हाईत, ही काय तक्रार हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी वकीलसाहेबांकडे गेले. काम म्हणून नाही, तरी दार लोटून गेले. म्हटलं, "सर, माझ्या गावाला असा हक्क मागता येईल का?"

भारतातला कायदा आपल्याला माहीत नाही, असं त्यांनी आधी स्पष्ट सांगितलं. मग पेन्सिल घेतली. "पण प्रश्न सगळीकडे तेच असतात. सांग. कुठून कुठपर्यंत?"

मी सांगायला लागले आणि अडखळले. वडाच्या मुळापासून. नाही, त्याच्या खाली, जिथे काळा खडक आहे. किती खोल? दादांच्या छातीएवढं. पण दादा किती उंच ते मला फुटांत सांगता येईना. कोणते महिने? माघापासून मृगापर्यंत. कोणाचं नुकसान होईल? उसाचं, होईल थोडं.

"किती वर्षांपासून वापरता?"

"खूप."

"खूप म्हणजे? कशावरून?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि हळूच म्हणाले, "वडिलांना विचार."

पुढच्या फोनला मी दादांना एकेक विचारलं. त्यांना आधी गंमत वाटली. मग ते रंगात आले. काळ्या खडकापासून घसरंडीपर्यंत, म्हणाले. बायांचा काठ वेगळा, पोरांचा वेगळा, जनावरं खाली. त्यांचे आजे तिथेच पोहायला शिकले होते, त्यांच्या आज्यांच्या अंगाखांद्यावर.

"पण दादा, तिथेच का? वरचा घाट तर बांधलेला, पायऱ्यांचा."

"वरच्या घाटाला आपल्याला कोण जाऊ देत हुतं?" दादा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "वरचं पाणी त्यांचं. त्यांनी वापरून खाली येईल ते आपलं. डोह काय आपण निवडला न्हवता, पोरी. ढकलत ढकलत तिथं आलो. मग तोच आपला झाला."

मला चवदार तळ्याची गोष्ट पाठ होती. आमच्या वाड्यात ती दरवर्षी सांगितली जाई आणि दादाच सांगत. पण माझा डोह, ज्याच्यासाठी परदेशात बसून माझा जीव कासावीस होत होता, तोही त्याच गोष्टीतला आहे हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी फोन ठेवला आणि बूथबाहेर उन्हात उभी राहिले. डोहाची आठवण तेवढीच हवीहवीशी होती. ती कमी झाली नाही, पण आता तिच्यात दादांचा तो शांत आवाज मिसळला होता.

वकीलसाहेबांना मी हे सांगितलं. आमच्याकडे वर कोण आणि खाली कोण यालाच किंमत होती, तारखेला नव्हती, असं म्हटलं. त्यांनी समोरचे त्या केसचे कागद मिटले. मग म्हणाले, "आमच्याकडेही पहिली तारीख आमची लिहिलेली आहे. आमच्या आधी जे त्या नदीवर राहत होते, त्यांची कोणी लिहिली नाही." त्या दिवशी त्यांनी दुपारची टेप भरली नाही.

अर्ज मी केला. मराठीत, साधा. कुठून कुठपर्यंत, कोणते महिने, कोण वापरतं, कधीपासून. उन्हाळ्यात बंधाऱ्याचे काही बरगे अधूनमधून काढावेत आणि डोह भरू द्यावा, एवढीच मागणी. गावाकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर तो पाठवला. दादांनी वाड्यातल्या लोकांच्या सह्या-अंगठे घेतले आणि चार जणांना घेऊन पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात गेले.

काय झालं ते त्यांनी फोनवर सविस्तर सांगितलं. साहेब तरुण होता, वागायला बरा. त्याने अर्ज नीट वाचला. मग म्हणाला, "बाबा, माझ्याकडं पिण्याचं पाणी, शेतीचं पाणी आणि कारखान्याचं पाणी. पोहायचं पाणी मी कुठं बसवू?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, माणसाला पोहू वाटतंय, ते बसवा कुठंतरी. त्यो म्हनला, माणसाचं अवघड हाय. जनावरं किती हायत तुमच्यात? जनावरं धुवायला आन् पाजायला पाणी मागा. त्याला मंजुरी देता येती."

"आणि तुम्ही दिलात तसा अर्ज?"

"लई जीवावर आलं. म्हशीसाठी मिळतं आन् पोराला न्हाई. पण दिला. काय करू? पाणी एकदा आलं तर म्हशी एकट्या थोड्याच येनार हायत?"

ते ऐकून मला हसू आलं आणि रडूही. चैत्रात पाणी सोडलं. पूर्वीसारखा डोह भरला नाही. पण काळ्या खडकाच्या खाली कमरेएवढं पाणी झालं, असं दादा म्हणाले. म्हशी उतरल्या. म्हशींच्या पाठीवर पोरं उतरली. वाड्यात लहान मुलांच्या ओरडण्याने दुपारी झोप येईना, अशी दादांचीच तक्रार होती, आणि ती करताना त्यांचा आवाज कितीतरी वर्षांनी मला तरुण वाटला.

वकीलसाहेब तोवर परत गेले होते. त्यांच्या गावाला हक्क मिळाला का, मला कधी कळलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मात्र मी म्हशींची गोष्ट सांगितली. त्यांनी ती मान हलवत ऐकली. "आमच्या बागेत गाढवं होती," त्या म्हणाल्या. "पण आता झरा कोणी भरून देणार नाही. मफी माय. पाणीच नाही." मग माझा हात दाबून म्हणाल्या, "तू जा आणि पोहून ये. माझ्या वाटचंही."

मी एप्रिलची रजा मागितली. अहवाल तेव्हाच पुरा करायचा होता, मिळाली नाही. पुढच्या वर्षी एप्रिलातच मुलीचा नवा वर्ग सुरू व्हायचा होता. पुन्हा जुलैच आला आणि आम्ही जुलैतच गेलो.

दादा आम्हाला नदीवर घेऊन गेले. त्यांच्या हातात आता काठी होती. पाणी काठोकाठ तांबडं, वेगाने चाललेलं, त्यातून एक अख्खं झाड वाहत गेलं. डोह, खडक, घसरंडी, सगळं त्याच्या खाली. दादा काठीने पाण्यावर दाखवत राहिले. "हितनं म्हशी उतरत्यात. हितं पोरं उड्या मारत्यात." मी बघत होते. मला काहीच दिसत नव्हतं आणि सगळं दिसत होतं.

मुलगी माझा पदर धरून उभी होती. दादा तिच्याकडे वाकून म्हणाले, "उन्हाळ्यात ये. तुला पोहायला शिकीवतो. तुझ्या आयला शिकीवलं तसं."

तिला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीतूनच यायचं. पाण्याकडेच बघत ती म्हणाली, उन्हाळ्यात आपल्याला येता येत नाही, शाळा असते.

"काय म्हनली?" दादांनी मला विचारलं.

"येईन म्हणाली," मी सांगितलं.